दरवर्षी दुरुस्त करूनही डेक पुन्हा दबतो: जुन्या फायबर बोटीसाठी समस्या निवारण

तक्रार ठरलेली असते. बोट पंधरा-वीस वर्षं जुनी, फायबरची. सुकाणूजवळ नाहीतर मासळीच्या खणाच्या झाकणाशेजारी पाय टाकला की डेक दबतो, पाय उचलला की वर येतो. गेल्या पावसाळी मासेमारी बंदीत मिस्त्रीने वरून दोन मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चटया, मारून दिल्या होत्या, रंगही झाला होता. नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात उतरली तेव्हा डेक ठणठणीत. दिवाळी उलटते न उलटते तोच जागा पुन्हा मऊ, आणि या खेपेला आधीपेक्षा हातभर मोठी.

वर्सोवा, मढ, माहीम, भाऊचा धक्का, कुठेही चौकशी करा, अशी एखादी बोट सापडतेच. गेटवेहून मांडव्याला सुट्टीपुरत्या जाणाऱ्या छोट्या स्पीडबोटींचंही तेच रडगाणं. त्यांच्या डेकवर गालिचा चिकटवलेला असतो म्हणून उशिरा कळतं एवढंच. (तो गालिचा आधी उपटून फेका. खाली ओल धरून ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.)

लोक दोष देतात रेझिनला, म्हणजे फायबरचे धागे बांधून कडक होणाऱ्या द्रवाला, नाहीतर मिस्त्रीला. माझ्या मते दोष बहुतेक वेळा महिन्याचा असतो. आपल्याकडे बोट निवांत किनाऱ्यावर येते ती १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात, आणि मुंबईची हवा सगळ्यात ओली असते तीही तेव्हाच. आतला प्लाय ओला, वरची हवा ओली, त्यावर आपण फायबरचं झाकण बसवतो. ओल आत कोंडली जाते आणि पुढचे सहा महिने आपलं काम करत राहते. पावसात गळक्या गच्चीवर डांबर ओतून घेण्यासारखाच प्रकार.

आत नेमकं काय असतं

फायबरचा डेक क्वचितच एकसंध असतो. वर दोन-तीन मिलिमीटर फायबर, खाली साधारण तेवढंच, आणि मध्ये नऊ किंवा बारा मिलिमीटरचा प्लाय. परदेशी बनावटीच्या जुन्या बोटींत प्लायच्या जागी बाल्सा लाकूड किंवा पीव्हीसीचा फोम निघतो. डेक ताठ राहतो तो या तीन थरांची एकमेकांवर पकड असते म्हणून. सपाट तक्त्याची जाडी दुप्पट झाली की त्याचा ताठपणा आठपट होतो. मधला प्लाय मुळात वरची आणि खालची साल एकमेकींपासून लांब धरायला घातलेला असतो. तो कुजला, किंवा न कुजता नुसता सुटला, तरी दोन्ही साली सुट्या सुट्या वाकायला लागतात.

आता वरून मॅट मारण्याचं गणित बघा. ४५० ची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) एक मॅट सुकल्यावर जेमतेम एक मिलिमीटर भरते. दोन मॅट म्हणजे दोन मिलिमीटर. ज्या जागी सतरा-अठरा मिलिमीटरचा एकजीव तक्ता होता तिथे आता पाच मिलिमीटरची साल एकटी भार घेतेय. मिस्त्री कितीही हुशार असो, ते पुरणार नाही.

तरी संवाद दरवर्षी तोच होतो.

"दादूस, वरून दोन मॅट मार ना. सीझन काढायचाय."

"मारतो नाखवा. पण दिवाळीनंतर परत याल."

"तवा बघू."

सीझन काढायचाय हे खरं कारण आहे, ते मी थट्टेवारी नेत नाही. पण निदान काय करतोय ते माहीत असून करावं.

आधी कुठला आजार ते ओळखा

दबणाऱ्या डेकमागे चार वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. ग्राइंडर हातात घेण्याआधी अर्धा दिवस तपासणीला द्या.

दोन माणसं लागतात. एकाने वर अनवाणी चालायचं. चप्पल-बूट घालून अर्धं कळत नाही. जिथे दबतं तिथे खडूने खूण. दुसऱ्याने टॉर्च घेऊन डेकखाली शिरायचं आणि वरचा माणूस टाचेवर भार देतो तेव्हा स्ट्रिंगरकडे, म्हणजे डेकला खालून आधार देणाऱ्या लांब पट्ट्यांकडे, बघत राहायचं. स्ट्रिंगर जागचा हलत नाही आणि डेक त्याच्यावर बसतो-उठतो, किंवा स्ट्रिंगर डेकसोबत वरखाली होतो पण बोटीच्या तळाशी त्याचा जोड उघडतो, तर रोग खाली आहे. जोडावरची फायबरची पट्टी मुळाशी पांढुरकी पडलेली किंवा केसाएवढी चिरलेली दिसते. नख घातलं तर आत जातं. अशा वेळी डेक कितीही जाड करा, पाया हलतोय म्हटल्यावर काही फरक पडणार नाही. आधी जोडावरच्या या फायबरच्या पट्ट्या घासून काढून नव्या मारायच्या.

मग ठोकून बघायचं. लहान हातोडीचा लाकडी दांडा किंवा पाच रुपयाचं जाड नाणं घ्या आणि दोन-दोन इंचांवर ठोकत चला. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो. बिघडलेल्या जागी आवाज भद पडतो. खडूची रेघ आता या आवाजावरून काढा. ती पायाने काढलेल्या खुणेपेक्षा मोठी निघेल. मोठी निघाली की मालकाचं तोंड पडतं, पण कामाची खरी हद्द तीच.

एखादी जागा दाबल्यावर 'टक' करून बसते आणि सोडल्यावर 'टक' करून उठते, ओल कुठे दिसत नाही. तिथे प्लाय बहुधा चांगला आहे, फक्त साल सुटलीय. हा चारांतला सगळ्यात स्वस्त रोग. आणि कुठेच भद आवाज नाही, जोड शाबूत, तरी दोन स्ट्रिंगरमधला पट्टा सारखाच लवतो, असं असेल तर डेक कुजलेला नाही, मुळातच त्या भाराला हलका आहे. मागून बसवलेली जाळं ओढायची विंच, बर्फाच्या जास्तीच्या लाद्या, मोठं इंजिन, हे बोट बांधताना कुणी धरलेलं नसतं. तिथे खालून दोन स्ट्रिंगरमध्ये आडवे आधार टाकायचे. वरून काही करायची गरज नाही.

ओल आहे की नाही याचा शेवटचा निवाडा ड्रिलने होतो. ५ मिलिमीटरचं बिट घ्या, टोकापासून दहा-बारा मिलिमीटरवर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे खालची साल फुटणार नाही. हळू फिरवा आणि भोकाशेजारी पांढरा कागद धरा. भुसा कोरडा आणि फिकट पडला तर प्लाय ठीक. गडद, गोळे होणारा भुसा म्हणजे ओल, पण लाकूड अजून धरून आहे. बिटवर तपकिरी लगदा चिकटून आला, आंबूस वास सुटला आणि बिट आत जाताना हाताला विरोधच लागला नाही, तर तिथे प्लाय उरलेला नाही. अशी भोकं भद आवाजाच्या हद्दीवर आणि हद्दीबाहेर पाडत जा, कोरडा भुसा लागेपर्यंत. भोकं नंतर इपॉक्सीने (दोन भाग कालवून कडक होणारं, जास्त चिकट रेझिन) बुजवता येतात, त्यांची चिंता नको.

ओल मोजायचं मीटर कुणी आणलं तर त्याच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. प्लायमध्ये मीठ मुरलेलं असलं की मीटर ओल असते त्यापेक्षा जास्त दाखवतं.

पाणी शिरतं कुठून

दबणारी जागा आणि पाणी शिरणारी जागा एकच असेल असं नाही. प्लायच्या थरांतून ओल फूट-दोन फूट सहज सरकते. म्हणून मऊ जागा बदलून दिली आणि भोक तसंच राहिलं तर रोग पुन्हा ठरलेला.

संशयित नेहमीचेच. दोर बांधायचे क्लीट, रेलिंगचे पाय, सीटचे स्क्रू, विंचचे बोल्ट, दिव्याच्या वायरसाठी कुणीतरी घाईत पाडलेलं भोक. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खणाच्या झाकणाची कापलेली कड. डेक कापून झाकण बसवलं, वरून ऍल्युमिनियमची पट्टी लावली, पण आत प्लायची कड उघडीच. त्या कडेवरून दिवसभर बर्फाचं पाणी आणि धुण्याचं पाणी वाहतं, आणि प्लाय कडेनेच सगळ्यात जास्त पितो.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी फारसं मानवत नाही. प्लाय कुजतो तो मुख्यतः पावसाच्या गोड्या पाण्याने. मुंबईत चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि बोट तेव्हा शाकारून ठेवलेली असते, म्हणजे तिच्याकडे कुणी बघत नाही. ताडपत्रीला झोळ पडतो, झोळात पाणी साठतं, ते एकाच जागी ठिबकत राहतं, आणि ती जागा हटकून एखाद्या रेलिंगच्या पायाशी असते. खारं पाणी मात्र वेगळा त्रास देतं. मुरलेलं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतून पाणी ओढून घेतं. जुलैत मुंबईची हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्यामुळे मीठ मुरलेला प्लाय बंदीच्या काळात पंखा लावून वाळवू म्हटलं तर तो वाळणार नाही.

कुठलं भोक गळतं ते शोधायला एक सोपी युक्ती आहे. कोरड्या दिवशी प्रत्येक फिटिंगभोवती मऊ पुट्टीचा बोटभर उंचीचा बांध घाला, आत रंग टाकलेलं पाणी भरा आणि रात्रभर सोडा. सकाळी ज्या बांधातलं पाणी उतरलंय तो चोर. डेकखाली रंगीत ओघळ दिसला तर प्रश्नच मिटला.

कामाला महिना कुठला

सुट्टीपुरती बोट असेल तर उत्तर सरळ आहे: नोव्हेंबर ते मे. डिसेंबर-जानेवारीत उघडलेला डेक आपोआप वाळतो, रेझिन हाताळायला वेळ मिळतो, घाम रेझिनमध्ये पडत नाही.

मच्छीमाराला सीझनमध्ये बोट थांबवणं परवडत नाही, हे मलाही कळतं. पण डोल जाळं लावणाऱ्या डोलीवाल्यांची बोट भांगात, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, तशीही चार-पाच दिवस बसते. माघातल्या एका भांगात दीड-दोन हातांचा तुकडा व्यवस्थित होतो. सगळा डेक एकदम करायचा हट्ट सोडून भागा-भागाने केला तर सीझन न बुडवता काम पार पडतं.

बंदीतच करायचं असेल तर एक नियम पाळा: ओला प्लाय वाळवायचा प्रयत्न करू नका, तो काढूनच टाका. खालची फायबरची साल गोड्या पाण्याने धुतल्यावर हॅलोजनचा दिवा आणि पंख्याने दोन-तीन दिवसांत कोरडी होते. लाकूड होत नाही. ताडपत्री बोटीवर अंथरू नका, बांबूचा मांडव घालून वर टाका म्हणजे खाली हवा खेळेल. आणि नवा प्लाय जूनमध्ये विकत आणू नका. एप्रिल-मेमध्ये आणा, मापात कापा, उन्हात खडखडीत वाळवा, सहाही बाजूंनी इपॉक्सीचे दोन हात द्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरात ठेवा. जुलैत तो तयार तुकडा फक्त बसवायचा. बंदीतल्या दुरुस्त्या टिकण्यात याच एका तयारीचा सगळ्यात मोठा वाटा असतो.

खालची साल कोरडी झाली का, हे बघायला तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर अजून थांबा.

उघडणं

कुजलेल्या डेकमध्ये भोकं पाडून सिरिंजने इपॉक्सी भरायचा उपाय कुणी ना कुणी सुचवतोच. साल नुसती सुटलेली असेल, आत कोरडं असेल, तर तो उपाय उत्तम आहे: दोन-दोन इंचांवर भोकं, एका भोकातून भरायचं ते शेजारच्या भोकातून वर येईपर्यंत, मग वर प्लास्टिक आणि वजन. आत लगदा असेल तर इपॉक्सी लगद्याला चिकटते, डेकला नाही. पैसे पाण्यात.

लगदा असेल तर वरची साल कापावीच लागते. गोल पात्याच्या मशीनची खोली सालीच्या जाडीएवढीच लावा. कापण्याची रेघ भद आवाजाच्या हद्दीबाहेर चार इंच घ्या आणि शक्य तिथे स्ट्रिंगरच्या वर आणा, म्हणजे नव्या जोडाला खालून आधार मिळेल. खणाच्या झाकणाचे कोपरे काटकोनात असतील तर ते याच वेळी गोल करून घ्या. चिरा नेहमी काटकोनातून निघतात. साल अखंड निघाली तर टाकू नका, तीच परत बसवता येते आणि वरची न घसरणारी नक्षी वाचते. डेकखालून डिझेलची पाइप, वायर काय जातंय ते आधी बघून घ्या, बॅटरीची तार सोडा.

मग पटाशीने प्लाय उकरायचा. ओला भाग भसाभस निघतो, कोरड्या भागाशी आलं की पटाशी अडते, आणि तिथूनही चार बोटं पुढे जायचं. गडद रेष दिसते तिथे थांबायचा मोह होतो. थांबू नका, ओल रेषेच्या पुढे पोहोचलेली असते. लहान बोटींत डेकखाली पिवळा पीयू फोम ओतलेला असतो. त्याचा तुकडा कापून पिळून बघा. पाणी निघालं तर तोही काढा. बोट का जड झाली होती तेही कळेल.

खालची साल ऍसिटोनने पुसा, मग ३६ किंवा ४० नंबरच्या पेपरने खरखरीत करा, मग धूळ झाडा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी घासलं तर वरचं तेल-मेण पेपरबरोबर ओरखड्यांत शिरतं. फायबरची धूळ फुप्फुसाला त्रास देते, त्यामुळे तोंडाला रुमाल बांधून भागवू नका, चांगला मास्क घ्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. दोन दिवस अंग खाजलं की आपोआप अक्कल येते.

भरणं

प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, आयएसआय मार्क बघून घ्या. त्याचा गोंद उकळत्या पाण्यात सुटत नाही, ही त्याची खरी गुणवत्ता. पण 'मरीन' लिहिलंय म्हणजे तो पाण्यात ठेवला तरी चालेल असं समजू नका. कडा उघड्या ठेवल्या तर तोही कुजतो. बारा मिलिमीटरचा एक अखंड तक्ता घालण्यापेक्षा सहाचे दोन थर, सांधे एकमेकांवर न येऊ देता, मला जास्त पसंत आहेत. डेकला असलेला बाक ते बरोबर घेतात. आणि तुकडे फूटभराचेच ठेवून मध्ये रेझिनच्या पुट्टीने भरलेली फट ठेवली तर पुढे कधी पाणी शिरलं तरी ते एका खणातच अडकतं.

फोम हवा असेल तर पीव्हीसीचा घ्या. तो कुजत नाही. पण बोल्टखाली दबतो, म्हणून बोल्टच्या जागी फोम नको, भरीव फायबर किंवा प्लाय हवा. पैसे वाचवायला थर्माकोल घालू नका. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरिन थर्माकोल विरघळवून टाकतं आणि डेकच्या पोटात पोकळी उरते.

प्लाय नुसता ठेवून भागत नाही, त्याला बिछाना लागतो. घट्ट केलेलं रेझिन दातेरी पट्टीने खालच्या सालीवर पसरा, प्लायच्या खालच्या बाजूलाही हात फिरवा, बसवा आणि सरकवत दाबा. प्लायला आधीच सहा-सहा इंचांवर बारीक भोकं पाडून ठेवा. दाबल्यावर त्यांतून रेझिन वर आलं म्हणजे खाली हवा उरली नाही. जिथे वर येत नाही तिथे पोकळी आहे, ती जागा उचलून पुन्हा भरा. वजनाला वीस लिटरचे पाण्याचे जार उत्तम, भरलेला एक म्हणजे वीस किलो, शिवाय वाकड्या जागीही बसतो. जाळ्यांचे गठ्ठेही चालतात, खाली प्लास्टिक मात्र घाला, नाहीतर जाळं डेकला कायमचं चिकटेल.

जुनी आणि नवी साल जिथे भेटते तिथे जुन्या सालीला उतार द्यायचा, जाडीच्या बारा पट. तीन मिलिमीटरची साल असेल तर साधारण चार सेंटिमीटर रुंद उतार. सगळ्यात जास्त कामचुकारपणा इथेच होतो. उतार न देता कडेला कड भिडवली तर वर्षभरात बरोबर त्याच रेषेवर चीर उमटते. थर असे: आधी ४५० ची मॅट, मग ६०० चं रोव्हिंग (जाड विणलेलं कापड), मग पुन्हा मॅट, जुनी जाडी भरून येईपर्यंत. मी सगळ्यात मोठा तुकडा आधी ठेवतो. मॅटला तिच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन लागतं; त्याहून जास्त ओतलं तर डेक जड आणि ठिसूळ होतो. पांढरे ठिपके दिसतात तिथे हवा आहे, लोखंडी रोलर फिरवत राहा.

रेझिनबद्दल थोडं

साधं जीपी रेझिन (पॉलिएस्टरचाच नेहमीचा प्रकार) स्वस्त आहे आणि सगळे तेच वापरतात. पाण्यात टिकायला आयसो रेझिन, तेही पॉलिएस्टरच, त्याहून बरं, फरक फार मोठा नसतो. पण लाकडाला चिकटण्यात पॉलिएस्टरचा हात इपॉक्सीसारखा बसत नाही. माझा सल्ला: प्लायला लेप आणि बिछाना इपॉक्सीचा करा, बजेट असेल तर वरची सालही. मधूनच बदल करायचा नाही. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान धरते. इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही. आणि इपॉक्सीसोबत नेहमीची मॅट घेऊ नका. मॅटचे धागे बांधणारी खळ स्टायरिनमध्ये विरघळते, इपॉक्सीत स्टायरिन नसतं, मॅट कडकच राहते. इपॉक्सीला विणलेलं किंवा शिवलेलं कापड लागतं.

दोन्हींच्या हार्डनरचे, म्हणजे रेझिन कडक करणाऱ्या द्रवाचे, नियम वेगळे आहेत आणि पॉलिएस्टरची सवय असलेला माणूस हटकून इथे फसतो. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर साधारण एक ते दोन टक्के. एप्रिलच्या उन्हात एक टक्काही भराभर पकडतो. एका टक्क्याच्या खाली मात्र उतरू नका, आत कच्चं राहतं. इपॉक्सीत प्रमाण डब्यावर दिलंय तेवढंच, वजनकाट्यावर मोजून. हार्डनर वाढवला म्हणून ती लवकर सुकत नाही, उलट चिकट राहते. दोन्हींत आधी शंभर ग्रॅमचा नमुना करून घड्याळ लावा. मोठी बादली एकदम कालवली की ती तापते, धूर सोडते. असं झालं तर बादली बोटीबाहेर उघड्यावर न्या.

पॉलिएस्टर लवकर पकडायला लागणारा कोबाल्ट वेगळा मिळत असेल तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा, मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही टाकायचे नाहीत, भडका उडतो. एकाच मापाने दोन्ही मोजू नका, शेजारी शेजारी ठेवूही नका. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नका.

शेवटच्या थराला मेणाचं रेझिन किंवा टॉपकोट. साध्या रेझिनचा वरचा पृष्ठभाग हवा लागल्याने चिकट राहतो आणि मग लोक म्हणतात हार्डनर खराब निघाला.

बोल्ट परत लावताना

इतकं करून जुन्याच पद्धतीने बोल्ट ठोकले तर सगळं काम फुकट जाईल. सहा मिलिमीटरचा बोल्ट असेल तर आधी बारा मिलिमीटरचं भोक पाडा, खालून चिकटपट्टी लावा, घट्ट इपॉक्सी भरा, सुकू द्या, मग त्याच्या मधोमध सहाचं भोक. आता बोल्टशेजारून पाणी झिरपलं तरी प्लायपर्यंत पोहोचत नाही. खणाच्या कडांनाही हेच: प्लाय कडेपासून बोटभर आत खरवडायचा आणि ती खाच इपॉक्सीच्या पुट्टीने भरायची. खाली वॉशरऐवजी रुंद पट्टी द्या, विशेषतः क्लीट आणि रेलिंगला.

सीलंट पॉलियुरेथेनचा घ्या. बाथरूमचं सिलिकॉन नको. ते सुटतं, आणि जिथे एकदा लागलं तिथे पुढे रंग, रेझिन काहीच नीट धरत नाही. बोल्ट एकदम आवळू नका, सगळा सीलंट बाहेर येतो. हाताने बसवा, सीलंट रबरासारखा झाला की मग पाना फिरवा.

प्रवासी बोट असेल तर डेक उघडण्याआधी मेरिटाईम बोर्डाच्या सर्व्हेअरला कळवा आणि उघडलेल्या अवस्थेतले फोटो काढून ठेवा. झाकल्यानंतर आत काय घातलंय ते दाखवायला दुसरा मार्ग उरत नाही.

पुढच्या बंदीत बोट शाकारताना ताडपत्रीखाली मधोमध आडवा वासा घाला म्हणजे झोळ पडणार नाही, डेकवरची पाणी जायची भोकं काडी घालून मोकळी करा, आणि खणाचं एक झाकण वितभर उचलून त्याखाली ठोकळा लावून ठेवा. जुलैत एकदा जाऊन त्या बारीक हातोडीने जुन्या हद्दीवरून ठोकत फिरा. दहा मिनिटांचं काम आहे.